हायडॅटिडबद्दल आणखी लिहायला हवं होतं

यकृतातल्या सिस्टला, म्हणजे पिशवीसारख्या गाठीला, घाबरू नका, असं यकृताच्या सिस्टवरच्या लेखात म्हटलंय. साध्या, पाण्याने भरलेल्या सिस्टबाबत ते अगदी खरं. माझ्या आईच्या सोनोग्राफीत अशी ३ सेंटिमीटरची निघाली, त्रास काहीच नव्हता, डॉक्टरांनी औषधसुद्धा दिलं नाही.

पण हायडॅटिडचा, म्हणजे कुत्र्यांतल्या फीतकृमीमुळे होणाऱ्या सिस्टचा, विषय लेखात एका ओळीत उरकायला नको होता. आमच्याकडे धनगरवाड्यावर मेंढ्या आणि कुत्री सोबतच असतात. कुत्र्याच्या विष्ठेतली फीतकृमीची अंडी हाताला, भाजीला लागून पोटात जातात आणि यकृतात गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढत राहते. सोनोग्राफीत मोठ्या सिस्टच्या आत लहान लहान सिस्ट दिसल्या की हा संशय घ्यायलाच हवा. रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी निर्धास्त होऊ नका, तो चुकू शकतो. आणि कृपा करून अशा गाठीत सहज सुई घालू देऊ नका! आतलं पाणी पोटात सांडलं तर जीवघेणी अ‍ॅलर्जी होऊ शकते, नव्या गाठीही धरतात. सुईनेही उपचार होतात, पण अल्बेंडाझोल हे जंतांवरचं औषध आधी सुरू करून आणि पूर्ण तयारी असलेल्या ठिकाणीच.

मेंढरू कापल्यावर गाठी असलेलं काळीज कुत्र्यापुढे टाकू नका, त्यातूनच कुत्र्याला ही फीतकृमी होते. जाळा किंवा खोल पुरा.