जांभळाचं लाकूड टाकीत टाकण्यापूर्वी

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: टाकीत जांभळाच्या लाकडाचा तुकडा टाका, शेवाळ धरणार नाही, पाणी शुद्ध राहील, वर मधुमेहही बरा होईल.

यातलं खरं एवढंच की जांभळाचं लाकूड पाण्यात चिवटपणे टिकतं. म्हणून तर ते विहिरीच्या बांधकामात वापरायचे. पण लाकूड कुजत नाही म्हणजे त्याच्याभोवतीचं पाणी शुद्ध होतं, हा तर्क कुठला? उलट लाकडातलं टॅनिन पाण्यात उतरतं, पाणी तांबूस, तुरट होतं. शिवाय असे सेंद्रिय पदार्थ पाण्यातलं क्लोरीन खर्ची घालतात, म्हणजे महापालिकेनं केलेल्या निर्जंतुकीकरणावरच पाणी! टाकी घासून धुणं आणि झाकण घट्ट लावणं, शेवाळावर उपाय तोच.

मधुमेहाचं म्हणाल तर आयुर्वेदात जांभळाच्या बियांचं चूर्ण जुनंच आहे, रक्तातली साखर कमी होते का यावर अभ्यासही झाले आहेत. पण पाण्यात बुडवलेलं लाकूड म्हणजे बी नव्हे, आणि चूर्णाच्या भरवशावर गोळ्या बंद करणं धोक्याचं.

झाड मात्र गुणी. लवंगेचं सख्खं भावंड, दोघांची प्रजाती एकच, सिझिजियम. गणपतीच्या श्लोकात कवठासोबत जांभूळ आहे, पूजेच्या संकल्पात जंबुद्वीप आहे.

आणि लाकडासाठी कुणी कुऱ्हाड काढणार असेल तर सांगा: शहरात विनापरवाना झाड तोडणं 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.