पतंजलींच्या नावावर मोतीबिंदू पिकवू नका

दाभोळच्या आमच्या आत्येने मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललंय. कारण वाडीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: ‘डोळे मिटून दिसतं तेच पतंजलींचं खरं प्रत्यक्ष. डॉक्टरचा रिपोर्ट म्हणजे नुसतं अनुमान. गुरुवचन हे आगम, तिथे शंका नको. त्राटक करा, मोतीबिंदू विरघळेल.’ (त्राटक म्हणजे ज्योतीकडे टक लावून बघत बसणं.) खाली हात जोडलेल्यांची रांग.

डोळे मिटून? पतंजलींच्या योगसूत्रांतलं १.७ हे सूत्र खरं ज्ञान मिळवण्याची तीन साधनं, म्हणजे प्रमाणं, सांगतं: प्रत्यक्ष, अनुमान (तर्काने काढलेला निष्कर्ष) आणि आगम (विश्वासू माणसाचं सांगणं). त्यावरची जुनी टीका, व्यासभाष्य, उघडा. इंद्रियांच्या वाटेने बाहेरच्या वस्तूचा ठसा चित्तावर उमटतो, ते प्रत्यक्ष. लगेच १.८ मध्ये विपर्यय, म्हणजे मिथ्याज्ञान. त्यावर भाष्यकारांनी उदाहरण दिलंय ते एका चंद्राचे दोन दिसण्याचं! आता मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं आणि एकाच डोळ्याला एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसू शकतात. आत्येला खाडीतल्या होडीवरचा एक दिवा दोन दिसतो, दुसरा डोळा हाताने झाकला तरी. तिला वाटतंय साधना फळतेय. भाष्य म्हणतं, खरा एक चंद्र दिसला की दोन चंद्रांचं ज्ञान बाद. तो एक दिसायला गढूळ भिंग काढून नवं बसवावं लागतं, दुसरा उपाय नाही.

अनुमानाला ‘नुसतं’ कशाला म्हणायचं? सूत्रात ते प्रत्यक्षाच्या शेजारीच बसलंय, प्रमाण म्हणूनच. हां, १.४९ मध्ये ऐकीव आणि अनुमानाच्या पलीकडची प्रज्ञा सांगितली आहे, ते खरं. पण ती निर्विचार समाधी, म्हणजे ध्यानाची फार वरची पायरी, निर्मळ झाल्यावरची. मेणबत्तीसमोर दहा मिनिटं बसणाऱ्याची नव्हे.

त्राटकाबद्दल नाइलाजाने कबूल करतो: हठयोगप्रदीपिकेत ते नेत्ररोग घालवतं असं लिहिलंय. पण तो ग्रंथ पतंजलींचा नाही, योगसूत्रांत त्राटकाचं नावही नाही. आणि गढुळलेलं भिंग टक लावून बघितल्याने स्वच्छ होत नाही.

राहिलं आगम. तेच भाष्य सांगतं, सांगणाऱ्याने ती गोष्ट स्वतः पाहिलेली किंवा अनुमानाने जाणलेली हवी. वक्ता विश्वासाचा नसेल, त्याने पाहिलं-जाणलं नसेल, तर त्याचा आगम डळमळतो. या मेसेजखाली ना नाव ना गाव. लिहिणाऱ्याने कुणाचा मोतीबिंदू विरघळताना पाहिला? ग्रुपवरच्या काकांनी मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढं तरी विचारायचं होतं.