बिलातले ९९ रुपये गपचूप कसे भरायचे

भाऊ, मोबाईलचं बिल आलं की ते उघडायचंच नाही, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा. मेसेजमध्ये शेवटचा आकडा दिसतो ना, तेवढा बास. पीडीएफ उघडलं की पासवर्ड मागतं, पासवर्ड टाकला की चार पानं निघतात, आणि तिसऱ्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं की तुम्ही काय काय घेतलंय जे तुम्ही कधी घेतलंच नाही. कशाला जीवाला त्रास? त्यापेक्षा ऑटो-पे लावून टाका, पैसे आपोआप जातात, आपल्याला कळतही नाही, रात्री झोप पण चांगली लागते.

आमच्या घरी ही चूक झाली. पारोळ्याकडे आमचे नाना असतात, वय ७१, कपाशी लावतात, त्यांचा नंबर माझ्या पोस्टपेड प्लॅनला जोडलेला. एकदा मी फुरसतीत बिल उघडून बसलो तर नानांच्या नंबरपुढे 'गेमिंग पॅक, ९९ रुपये'. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे, आणि असं तीन महिन्यांपासून चालू. नानांना फोन लावला. ते म्हणे, "मी कव्हय गेम खेयनू रे भो?" खरंय, नाना आयुष्यात पत्त्यांशिवाय काही खेळलेले नाहीत, आणि तेही पैसे न लावता.

आता इथे शहाण्या माणसाने काय करायचं? तीनशे पन्नास रुपयांसाठी कोण डोकं लावतं, म्हणायचं आणि शेवभाजी खायला निघून जायचं. तेवढ्या पैशात खाऊन होते. कंपनीला पण तुमच्याकडून एवढीच अपेक्षा असते, आणि मोठ्या मनाच्या माणसांवरच तर धंदा चालतो.

मी मात्र १९८ लावला. हा तक्रारीचा नंबर, फुकट लागतो, म्हणून तो लक्षात ठेवू नका. चुकून लावलाच तर भाषा निवडा, मग एक दाबा, मग चार दाबा, मग नवीन ऑफर ऐका, मग बासरी ऐका. बासरी चांगली होती, खोटं नाही बोलत. दहा-बारा मिनिटांनी एक पोरगा आला, बोलायला एकदम गोड.

"सर, आपके नंबर से कन्फर्मेशन आया था."

"किसने दिया?"

"सर, आपने."

आता नानांचा फोन असतो बंडीच्या खिशात, चुन्याच्या डबीला चिकटून. म्हणजे कन्फर्मेशन कोणी दिलं असेल तर त्या डबीने. बरं, २०१३ पासून ट्रायचा, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे की अशी सेवा चालू करायच्या आधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यायची. म्हणजे पहिली संमती चुन्याच्या डबीने दिली आणि दुसरी तंबाखूच्या पुडीने, सगळं कसं नियमात. मी विचारलं, गेम कोणता आहे ते तरी सांग. तो म्हणे, "सर, वो मेरे सिस्टम में नहीं दिख रहा." पैसे मात्र दिसत होते त्याला.

अशा वेळी 'ठीक है भैया' म्हणून फोन ठेवायचा. डॉकेट नंबर, म्हणजे आपल्या तक्रारीचा नोंदणी क्रमांक, अजिबात मागायचा नाही. डॉकेट नंबर मिळाला की तक्रारीला जन्मतारीख लागते, मग दिवस मोजले जातात, बिलाच्या तक्रारीला मुदत ठरलेली आहे म्हणून. तेवढ्यात निकाल लागला नाही किंवा लागून पटला नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, त्याचेही पैसे लागत नाहीत, आणि त्याला ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ३९ च का, ४० का नाही, ते विचारू नका. आणि १५५२२३ वर फोन करून असली सेवा बंद करता येते हे तर म्हाताऱ्या माणसांना बिलकुल सांगू नका, उगाच सगळं बंद करत बसतील.

तुम्हाला फारच खाज असेल तर सरळ ट्रायला पत्र लिहा. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, कंपनीकडेच धाडून देते, म्हणजे पत्र फिरून तिथेच. पण ग्राहक आयोगाच्या वाटेला जाऊ नका बरं. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्याने आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावात बसून तक्रार टाकता येते. एवढं सोपं काम आपल्याला शोभतं का?

त्यापेक्षा अहमदाबादच्या एका ग्राहकाचं उदाहरण डोळ्यापुढे ठेवा. २४९ रुपये भाड्याचा प्लॅन, आणि २०१३ च्या शेवटी बिल आलं २४,६०९ रुपये. गडी ग्राहक मंचात (आयोगाचं तेव्हाचं नाव) गेला, तर कंपनी म्हणे १८८५ च्या तार कायद्यात असल्या भांडणाला लवाद, म्हणजे कोर्टाबाहेरचा पंच, लिहिलाय, तुम्ही इथे आलातच कसे. तार बंद होऊन गेली, कलम तेव्हाही जिवंत. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितलं की हो, मंचात जाता येतं. म्हणजे भांडायचं कुठे, एवढं ठरायलाच २०२२ उजाडलं! तुम्हाला मंचात जायला आता अडचण नाही, पण मी 'जा' म्हणालो असं कोणाला सांगू नका.

आमचा डॉकेट नंबर मी नानांना फोनवर सांगितला, त्यांनी तो खताच्या दुकानाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला, गॅसच्या टाकीच्या तारखेखाली. तक्रार केली तेव्हा कपाशीला बोंडं धरली होती, पैसे बिलात वळते झाले तेव्हा वेचणी चालू होती. ३५० रुपये ४६ पैसे, एक पैसा कमी नाही. मी खूश होऊन फोन लावला, तर नाना शेतात, मागे बायांचा गलका. ऐकून घेतलं, जरा वेळ गप्प बसले, आणि मग विचारतात, "पण त्या गेमनं नाव काय व्हतं रे भो?"