मागे कुणी नसताना इंडिकेटर: एका प्रतिक्रियेला उत्तर

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर शिरताना उजवा आणि बाहेर पडताना डावा इंडिकेटर वेळेवर द्या, एवढंच मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया: "काकू, मागे कोणी नसेल तर इंडिकेटर कुणाला दाखवायचा? आरशात बघायला शिका."

आधी ते 'काकू' आणि 'शिका'. लेखाखाली पुरुषाचं नाव असतं तर असं लिहिलं असतंत? मी २००३पासून गाडी चालवते. घर चिंचवडला, माहेर पनवेलला. महिन्यातून दोनदा तरी हाच रस्ता. वडील एसटीत ड्रायव्हर होते. रिकाम्या डेपोत बस वळवतानाही ते हात बाहेर काढायचे. त्यांच्या हाताखाली शिकले आहे, त्यामुळे आरशाचं मला सांगू नका.

एक चूक मान्य. रस्त्याची लांबी मी ९३ किलोमीटर लिहिली होती, ती ९४.५ आहे. दुरुस्त केली.

आता 'मागे कोणी नसेल तर'. नाही हे ठरवलं कुणी? दोन वर्षांपूर्वी जुलैत, भर पावसात, खालापूरजवळ लेन बदलायची होती. आरसा पाहिला, रिकामा. तरी सवयीने उजवा इंडिकेटर दिला. तो दोन-तीनदा लुकलुकला असेल, तेवढ्यात कानाशी हॉर्न. राखाडी गाडी, दिवे बंद, अगदी माझ्या मागच्या दाराशी. मला ती दिसली नव्हती. तिला माझा दिवा दिसला म्हणून तिने हॉर्न दिला. माझी मुलगी त्याच बाजूला बसली होती. त्या दिवशी तुमचा नियम पाळला असता तर?

आणि बाहेर पडतानाचं. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. लोणावळ्याचा फाटा अंगावर आल्यावर आधी ब्रेक आणि मग इंडिकेटर देणारे रोज दिसतात. मागच्याला कळायला दोन सेकंद लागले तरी तो ५५ मीटर पुढे आलेला असतो.

ट्रक उजवी लेन सोडत नाहीत हे तुमचं म्हणणं खरं, पण तो विषय वेगळा. बोगद्यात चारही इंडिकेटर एकदम लावायचा तुमचा सल्ला मात्र साफ चुकीचा आहे. याच रस्त्यावरच्या भाताणच्या बोगद्यात चारही इंडिकेटर लावून लेन बदलणारा कुठे वळतोय ते मागच्याला कसं कळणार?

लेखातला इंडिकेटरचा परिच्छेद मी काढणार नाही. पुन्हा लिहाल तेव्हा नावाने हाक मारा. माझं नाव लेखाच्या वरच आहे.