केनियातून इंग्रज ‘सन्मानाने’ गेले म्हणे!

भाचीला वक्तृत्व स्पर्धेसाठी साम्राज्यांच्या अस्ताचा विषय मिळालाय, आणि तिने भाषणात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो मजकूर जसाच्या तसा उतरवलाय: फ्रेंच अल्जीरियात रक्त सांडत बसले, इंग्रज मात्र केनियासारखे देश सन्मानाने सोडून गेले, माऊ माऊ बंडखोरांनाही (१९५० च्या दशकात इंग्रजांविरुद्ध उठलेले, मुख्यतः किकुयू जमातीचे लोक) ‘सुधारणा शिबिरां’त ठेवलं, अत्याचाराचा एक तरी कागद दाखवा, शिवाय रेल्वे दिली, आणि तिथले हिंदी, म्हणजे भारतीय वंशाचे, लोक सुखातच होते. खाली लिहिणाऱ्याचं नाव अर्थातच नाही.

‘सुधारणा शिबिरं’ वाचून माझं डोकंच फिरलं. केनियातलं होलाचं शिबिर घ्या. ३ मार्च १९५९. खटला न चालवता डांबलेल्यांना पाट खणायला बाहेर काढलं. नकार देतील त्यांना बळजबरीने कामाला जुंपायचं, ही योजना आधीच कागदावर तयार होती. पहारेकऱ्यांनी दांडक्यांनी झोडपलं, त्यात ११ जण मेले. सरकारने जाहीर काय करावं? पाण्याच्या गाडीतलं पाणी प्यायल्यानंतर मृत्यू! अंगावरच्या जखमांनी ही थाप उघडी पाडली. जुलैमध्ये ब्रिटिश संसदेत सरकारचे वाभाडे काढणाऱ्यांत इनॉक पॉवेल होता, सत्ताधारी हुजूर पक्षाचाच खासदार. पुढे स्थलांतरितांविरुद्धच्या भाषणाने कुप्रसिद्ध झालेल्या या गृहस्थाला काळ्यांचा कैवारी म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही.

आता कागद. केनियाचे अ‍ॅटर्नी जनरल ग्रिफिथ-जोन्स यांनी १९५७ साली गव्हर्नरला लिहिलं होतं, की पाप करायचंच असेल तर गुपचूप करायला हवं. केनियातल्या म्हाताऱ्या कैद्यांनी लंडनच्या कोर्टात दावा लावला, तेव्हा कुठे २०११ मध्ये कबूल झालं की ३७ वसाहतींच्या फायली इंग्लंडात हॅन्सलोप पार्कला, परराष्ट्र खात्याच्या बंदिस्त आवारात, दडवून ठेवल्यात. ६ जून २०१३ रोजी परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी संसदेत छळ झाल्याचं मान्य करून खेद व्यक्त केला. ५,२२८ जणांसाठी, खर्च धरून, १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड झाली. खुद्द ब्रिटिश सरकार कबुली देतंय आणि आमचे फॉरवर्डवीर त्याचं वकीलपत्र घेऊन बसलेत.

माऊ माऊ संत नव्हते, हे खरं. मार्च १९५३ मध्ये लारी इथे त्यांनी आपल्याच किकुयू लोकांची घरं बायकापोरांसकट पेटवली. पण त्या बंडात गोरे नागरिक मेले ३२, आणि सरकारने फासावर चढवले हजारावर. त्यातले कितीतरी खुनासाठी नाही, तर काडतुसं बाळगली, बंडात सामील होण्याची शपथ दिली, एवढ्यासाठी.

रेल्वे? ती बांधायला हिंदुस्थानातून तीसेक हजार मजूर नेले, त्यातले सुमारे अडीच हजार मेले. पुढे बोलायला नको.

राहिले सुखातले हिंदी लोक. पिओ गामा पिंटो, नैरोबीत जन्मलेला गोवेकर आईबापांचा मुलगा, माऊ माऊंना मदत करायचा. १९५४ मध्ये त्याला उचलून मांडा बेटावर टाकलं, खटला न चालवता. १९५७ नंतरही सुटका नाहीच, काबार्नेट या दूरच्या गावी नजरकैद. मोकळा झाला तो १९५९ मध्ये.