शर्यत केपटाऊनला, चार्जिंग पॉइंट कुठाय?

केपटाऊनसारख्या जुन्या बंदराच्या शहरात २०२३ च्या फेब्रुवारीत फॉर्म्युला ई ची, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची शर्यत झाली. तिच्या क्लिपा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अजून फिरतायत. टाकतं कोण? कमिटीतलेच एक काका! "बघा, ताशी ३२० किलोमीटर पळू शकते! भविष्य हेच!" खाली अंगठ्यांची रांग.

अहो काका, भविष्य राहू द्या. माझ्या पार्किंगमधल्या चार्जिंग पॉइंटच्या एनओसीचं बोला! दर मीटिंगला नवं कारण. लोड वाढेल. आग लागेल. केबल कोणाच्या पार्किंगवरून नेणार? मग "पुढच्या एजीएमला घेऊ." तिथे लीकेजवरून भांडणं होतात, समोसे येतात, सभा संपते. (लीकेजही जिथल्या तिथेच आहे म्हणा.) तोवर मी रात्री जेवून मॉलच्या चार्जरवर रांगेत.

त्या शर्यतीत वापरलेल्या ऊर्जेपैकी जवळपास ४० टक्के ब्रेक मारताना परत मिळालेली असते म्हणे. माझ्या गाडीतही ती सोय आहे. पण ब्रेक मारायला आधी गाडी चालावी लागते, आणि घोडबंदर रोडला गायमुखपाशी ती चालतेच कुठे!

परवा पुन्हा तीच क्लिप. न राहवून खाली लिहिलं, "काका, एनओसी?" दोन निळ्या टिका, उत्तर नाही. ॲडमिनचं मात्र लगेच आलं: "कृपया ग्रुपवर वैयक्तिक विषय नकोत."