माळ्यावर दडवलेली अवजारं

गेल्या आठवड्यात आजोबांचं घड्याळ दुरुस्त होऊन घरी आलं. फेवर-ल्युबा या स्विस कंपनीचं, सी चीफ मॉडेल, रोज चावी द्यावी लागणारं. आजोबा भुसावळला रेल्वेत होते. पगारातून पैसे बाजूला टाकत टाकत त्यांनी ते साठच्या दशकात घेतलं. त्यांच्यानंतर ते बाबांच्या मनगटावर आलं आणि बाबांच्या हातून एकदा फरशीवर पडल्यावर पंधरा वर्षं कपाटातल्या डब्यात पडून राहिलं.

मी आनंदाने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. मावसभावाचा पहिला प्रश्न : "रिसेलला किती येतील गं?" तो मनाने चांगला आहे, राग त्याच्यावर नाही. पण स्विस घड्याळ म्हटलं की हल्ली लोकांच्या तोंडी दुसरं काही येतच नाही. कुठल्या मॉडेलला किती वर्षांची वेटिंग लिस्ट, कोणतं दुकानाबाहेर आलं की दुप्पट किमतीला जातं. शेअर बाजाराची भाषा. हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

ही घड्याळं श्रीमंतांच्या हौसेतून जन्मली असा आपला समज असतो. अर्धा खरा आहे. सोळाव्या शतकात जिनिव्हात कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाचं धर्मराज्य आलं आणि दागदागिन्यांवर बंधनं आली. सोनारांनी करायचं काय? घड्याळ ही उपयोगाची वस्तू, ती चालत होती. त्याच काळात फ्रान्समधून छळाला कंटाळून पळालेले प्रोटेस्टंट कारागीर तिथे पोचले, त्यांना घड्याळाचं काम येत होतं. सोनाराचा हात आणि निर्वासिताची विद्या एकत्र आली. 1601 मध्ये जिनिव्हात घड्याळ कारागिरांचा संघही उभा राहिला.

पण उरलेला अर्धा भाग मला जास्त जवळचा वाटतो. स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगररांगेतली ल लोक्ल, ला शो-द-फों ही गावं आणि व्हॅले द जू नावाचं खोरं. उंचावरची जमीन, गाईगुरं, थोडीफार शेती आणि महिनोन् महिने बर्फ. बर्फात शेतकरी घरी बसून करणार काय, तर खिडकीपाशी बाक टाकायचा आणि घड्याळाचे सुटे भाग बनवायचे. एका घरात नुसती चाकं, दुसऱ्यात नुसते स्क्रू, तिसऱ्यात काटे. व्यापारी ते गोळा करून जुळवून घेई. आपल्याकडे विडी वळायचं काम घरोघर चालायचं, तसंच काहीसं. ला शो-द-फों 1794 च्या आगीत जळालं. नंतरच्या काळात ते नव्याने वसवलं गेलं ते सरळ रस्त्यांच्या जाळ्यात, घरांत आणि कारखान्यांत भरपूर उजेड येईल अशा बेताने. घड्याळाच्या कामाला उजेड लागतो म्हणून अख्खं गाव तसं बांधलं! 2009 मध्ये युनेस्कोने ल लोक्ल आणि ला शो-द-फों या दोन्ही गावांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आज ज्यांची नावं आपण आदराने घेतो, त्यांतले बरेच मुळात बाहेरचे आहेत. पातेक फिलिप कंपनीतला पातेक पोलंडहून आलेला, फिलिप फ्रेंच. रोलेक्सचा हान्स विल्सडॉर्फ जर्मन. त्याने 1905 मध्ये लंडनला धंदा सुरू केला आणि 1919 मध्ये तो जिनिव्हात आला. आणि भारताशी नातं सांगायचं तर जेजर-लकूल्त्र कंपनीचं रिव्हर्सो. इथे पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून 1931 मध्ये तबकडी उलटी फिरवून आत लपवता येईल असं घड्याळ निघालं.

आता मला मनापासून सांगायची ती गोष्ट. 1969 च्या जानेवारीत ल लोक्लच्या झेनिथ कंपनीने एल प्रिमेरो नावाचं मशीन, म्हणजे घड्याळाच्या आतलं यंत्र, जाहीर केलं. ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं, आणि सोबत क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच. ते तासाला 36,000 ठोके देतं, त्यामुळे सेकंदाचा दहावा भाग मोजता येतो. अनेक वर्षांच्या मेहनतीचं फळ होतं ते. आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला जपानच्या सैकोने क्वार्ट्झवर, म्हणजे बॅटरीने कंप पावणाऱ्या स्फटिकावर, चालणारं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. चावी नको, मागेपुढे झुलून ठोके देणारं बॅलन्स व्हील नको, आणि अचूकता कित्येक पटींनी जास्त. स्विस लोकांना हे तंत्र माहीत नव्हतं असं मुळीच नाही. स्वित्झर्लंडमधल्याच न्यूशातेलच्या प्रयोगशाळेत 1967 मध्येच क्वार्ट्झच्या मनगटी घड्याळाचा नमुना तयार झाला होता. पण शेकडो लहानमोठ्या कारखान्यांना आपली घडी मोडून नवी बसवणं जमलं नाही. 1970 च्या सुमारास या धंद्यात 90,000 च्या आसपास माणसं होती, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती 30,000 वर आली. आपण गिरण्यांचा संप आणि त्यानंतरची मुंबई पाहिलेली माणसं. असा आकडा वाचला की त्यामागची घरं मला दिसायला लागतात.

झेनिथ तेव्हा एका अमेरिकन कंपनीच्या मालकीची होती. 1975 मध्ये वरून आदेश आला : यापुढे फक्त क्वार्ट्झ; यांत्रिक घड्याळांची अवजारं भंगारात काढा. कारखान्यात शार्ल व्हर्मो नावाचा कारागीर होता. त्याने आधी मालकांना पत्र लिहून विनवलं. उपयोग झाला नाही. मग कामाचे तास संपल्यावर तो एकेक अवजार उचलून कारखान्याच्या माळ्यावर नेऊ लागला. प्रेस, कॅम, कटर. प्रत्येकावर त्याने चिठ्ठी लावली आणि कोणती गोष्ट कशासाठी, मशीन कोणत्या क्रमाने बनतं, हे सगळं वहीत लिहून ठेवलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पकडला गेला असता तर नोकरी गेली असती. तरी त्याने ते केलं.

मला त्या वहीचं फार वाटतं. अवजारं लपवणं एक वेळ समजू शकतं, जीव जडलेला असतो. पण चिठ्ठ्या लावणं, क्रम लिहून ठेवणं म्हणजे ही वस्तू उद्या दुसरं कुणी तरी हातात घेणार आहे असं धरून चालणं.

आणि घेतली. 1978 मध्ये कंपनी परत स्विस मालकांकडे आली. 1984 मध्ये एल प्रिमेरो पुन्हा बनवायचं ठरलं तेव्हा सगळं माळ्यावर तयार होतं. नवी अवजारं घडवायची असती तर तो खर्च झेपलाच नसता. 1988 पासून पुढे बारा वर्षं रोलेक्सच्या डेटोना घड्याळात याच मशीनवर बेतलेलं यंत्र होतं. ज्या डेटोनाच्या रिसेलच्या गप्पा आज रंगतात, त्याच्या एका अख्ख्या पिढीच्या पोटात एका कारागिराने भंगारातून वाचवलेला ऐवज आहे. हे ठाऊक असलेला माणूस पहिला प्रश्न किमतीचा विचारणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

स्वॉच या स्वस्त स्विस घड्याळाचं ऋणही मान्य करायला हवं. निकोलस हायेक यांच्या पुढाकाराने 1983 मध्ये दोन डबघाईला आलेले मोठे उद्योगसमूह एकत्र आले, आणि त्याच वर्षी 51 भागांचं, प्लास्टिकचं, क्वार्ट्झचं हे घड्याळ बाजारात आलं. त्या रंगीत प्लास्टिकच्या पैशावर कित्येक जुनी घराणी तगली.

"मोबाईलवर वेळ दिसते, मग हे कशाला?" हा प्रश्न मलाही विचारतात. त्याचं उत्तर मला दुरुस्तीच्या दुकानात मिळालं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. काका सत्तरीचे. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, सुटे केलेले भाग काचेच्या झाकणाखाली. त्यांनी बॅलन्स व्हील अलगद जागेवर ठेवलं, त्याला धरून ठेवणारी वरची पट्टी बसवली, स्क्रू आवळला आणि रबरी फुग्याने हलकीशी फुंकर मारली. पंधरा वर्षं मेलेलं चाक झुलायला लागलं. "बघा," म्हणत त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. केसाहून बारीक हेअरस्प्रिंग, जिलबीच्या वेढ्यांसारखी, आकसत होती, पसरत होती. सेकंदाला पाच ठोके. दिवसाला 4,32,000. दिवसातल्या 86,400 सेकंदांपैकी आमचं घड्याळ वीस सेकंद पुढे जातं. पितळ, पोलाद आणि झीज टाळायला बसवलेल्या 17 माणकांवर, बॅटरीशिवाय, मनगटावर हिंदकळत असताना फक्त वीस सेकंदांची चूक! मी बराच वेळ भिंग खाली ठेवलं नाही.

एक दुःख आहे. नव्वदच्या दशकात एका दुकानात बाबांनी हे घड्याळ नुसतं साफ करायला दिलं होतं. दुकानदाराने न विचारता तबकडी खरवडून झगझगीत निळी रंगवून दिली. आजोबांची मूळ चंदेरी तबकडी गेली ती गेलीच. अशा रंगवलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि लांब ठेवतात. तुमच्या घरी जुनं घड्याळ असेल तर कृपा करून तबकडीला हात लावू देऊ नका. डाग असले तरी चालतील. काका मात्र म्हणाले, "ताई, मशीन ओरिजिनल आहे. वापरा. वापरात असलं की चांगलं राहतं."

पडल्यामुळे बॅलन्सचा स्टाफ, म्हणजे बॅलन्स व्हीलचा बारीक आस, तुटला होता. हा भाग आता कंपनीकडून मिळत नाही. मी विचारलं, मग कुठून आणलात? त्यांनी मागचं कपाट उघडलं. आत तंबाखूच्या, बामच्या, गोळ्यांच्या शंभरेक डब्या, एकावर एक. चाळीस वर्षांत लोक सोडून गेलेल्या बंद घड्याळांतून काढून ठेवलेले भाग. प्रत्येक डबीवर कागदाची पट्टी आणि तिच्यावर निळ्या पेनाने मशीनचा नंबर. सोबत एक लांबट वही.

काकांचा मुलगा हैदराबादला नोकरीत आहे, त्याला यात रस नाही. दुकानाची जागा पुढच्या वर्षी सोडावी लागणार आहे. "डब्या कुणाला द्यायच्या ते बघतोय," म्हणाले. विकत द्यायच्या नाहीत, शिकणाऱ्यालाच द्यायच्या आहेत. आठवड्यातून दोन दिवस बसायची तयारी असलेला कुणी तरुण मुलगा, मुलगी पुण्यात असेल तर मला मेसेज करा. मी स्वतः काकांकडे घेऊन जाईन.